धनकोंच्या सभांच्या सरकारी जाहिराती : एक उपेक्षित इतिहाससाधन

(१)

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींच्या दप्तरांत सनदा, महजर, वतनपत्रें, ताळेबंद व हिशेबाचे बंद यांस मानाची जागा मिळते. छापील कागदास, विशेषतः सरकारी गॅझेटाच्या सुट्या पानांस, ती मिळत नाहीं. छापलेलें तें सर्वांस ठाऊक, व सर्वांस ठाऊक तें संशोधनास निरुपयोगी, असा एक समज रूढ झाला आहे. या समजामुळें जीं साधनें हातचीं जात आहेत त्यांपैकीं एकाचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें साधन म्हणजे दिवाळें निघालेल्या इसमाच्या धनकोंस अमुक दिवशीं, अमुक ठिकाणीं जमण्याविषयीं काढलेली सरकारी जाहिरात. या जाहिराती पांचसहा ओळींच्या असतात व त्यांची भाषा ठराविक सांच्याची असते. परंतु ज्या सामान्य व्यापाऱ्याचें, कारागिराचें किंवा दलालाचें नांव दुसऱ्या कोणत्याही कागदांत सांपडावयाचें नाहीं, त्याचें नांव, धंदा व राहण्याचें ठिकाण त्यांत तारखेसह मिळतें. त्या वाचाव्या कशा, व कोणत्या चुका टाळून वाचाव्या, हें सांगणें हा आमचा मुख्य हेतु आहे.

(२)

प्रथम आपल्याकडील जुनी रीत पाहूं. दिवाळें हा शब्द दिव्यावरून आला, व ज्याची पेढी बुडाली तो भर दिवसां दुकानांत दिवा लावून आपली स्थिति जाहीर करी, असें सांगतात. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज कोशकारांनींही ही चाल नमूद केली आहे. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, तींत एक महत्त्वाची गोष्ट आहे. दिवाळें ही खाजगी बाब नव्हे, ती चारचौघांस कळविली पाहिजे, ही जाणीव इंग्रजी कायदा येण्यापूर्वींही येथें होती. पेठेपुरती जाहिरात दिव्यानें होई. पेठेबाहेरच्या धनकोस मात्र ती दिसत नसे.

जाहिरात झाल्यावर पुढें काय होई, याचे दोन मार्ग होते. पहिला पंचांचा. पेठेंतील वजनदार सावकार बसत, चोपड्या पाहत, व रुपयास इतके आणे घेऊन फारकत द्यावी असें ठरवीत. दुसरा मार्ग तगाद्याचा. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाविषयीं माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत या तगाद्याचें वर्णन आहे. धनको आपल्या बरोबरीच्या किंवा खालच्या ऋणकोस अडकवून ठेवी, घराबाहेर पडूं देत नसे, जेवूं देत नसे, व प्रसंगीं तडजोड होईपर्यंत उन्हांत बसवी. ऋणको वरचढ असल्यास धनको स्वतःच त्याच्या दारीं धरणें धरी. १८६० सालच्या पिनल कोडाच्या ५०८ व्या कलमांत दैवी कोपाचें भय घालण्याचा जो गुन्हा सांगितला आहे, त्याचें पहिलें उदाहरण दारांत धरणें धरून बसणाराचेंच आहे. यावरून ही चाल तोंपर्यंत किती जिवंत होती हें ध्यानांत येईल.

या दोन मार्गांतील भेद नीट पाहिला पाहिजे. तगाद्यांत प्रत्येक धनको एकटा असतो. जो आधीं दारांत बसेल, ज्याचा आवाज मोठा असेल, त्याचें कर्ज आधीं फिटतें, व दूरच्या गांवची विधवा किंवा लहान ठेवीदार मागें राहतो. पंचांच्या मार्गांत धनको एकत्र येतात व मिळेल तें प्रमाणानें वांटून घेतात. म्हणून प्रमाणानें वांटणी ही कल्पना इंग्रजांनीं आणिली असें जें म्हणतात तें आम्हांस मान्य नाहीं. इंग्रजी कायद्यानें नवें आणिलें तें निराळें होतें. सर्व धनकोंस, मग ते कोठेंही असोत, बोलाविलेंच पाहिजे व तें बोलावणें छापूनच झालें पाहिजे, हा दंडक त्यानें घातला.

(३)

हा दंडक इंग्लंडांतही एकाएकीं आला नाहीं. १५४२ सालच्या आठव्या हेन्रीच्या कायद्यांत दिवाळखोराची मालमत्ता धनकोंमध्यें त्यांच्या कर्जांच्या प्रमाणांत वांटावी असें ठरलें. १५७१ सालीं एलिझाबेथ राणीच्या कायद्यानें दिवाळखोरी ही केवळ व्यापाऱ्यांपुरती मर्यादित केली. प्रामाणिकपणें सर्व कांहीं हवालीं करणाऱ्या ऋणकोस कर्जांतून मुक्त करण्याची सोय अॅन राणीच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, झाली. दरम्यान १६६५ च्या नोव्हेंबरांत, लंडनांतील प्लेगामुळें दरबार ऑक्सफर्डास गेला असतां, तेथें एक सरकारी वृत्तपत्र निघालें व पुढें तेंच ‘लंडन गॅझेट’ या नांवानें चालूं लागलें. या दोन धाग्यांची गांठ १७३२ च्या कायद्यानें पक्की बांधिली. दिवाळखोरीचें कमिशन निघतांच कमिशनरांनीं त्याची सूचना गॅझेटांत द्यावी, व मालमत्तेचे व्यवस्थापक निवडण्याकरितां धनकोंनीं कोठें व केव्हां जमावें हें त्यांत सांगावें, असें त्या कायद्यानें फर्माविलें.

त्या काळच्या गॅझेटांतील जाहिरातीचा सांचा असा आहे. आरंभीं दिवाळखोराचें नांव, धंदा व गांव. नंतर त्यानें कमिशनरांपुढें हजर राहण्याचे तीन दिवस व जागा. ही जागा लंडनांतील प्रकरणांत बहुधा गिल्डहॉल असे. पहिल्या बैठकीस धनकोंनीं कर्जें शाबीत करण्यास तयार होऊन यावें, दुसरीस व्यवस्थापक निवडावे, शेवटचीस दिवाळखोराची तपासणी पुरी होईल व त्याच्या मुक्ततेच्या दाखल्यास धनकोंनीं संमति द्यावी किंवा नाकारावी. अखेरीस एक ताकीद असे : ज्यांकडून दिवाळखोरास येणें आहे किंवा ज्यांपाशीं त्याची चीजवस्त आहे, त्यांनीं ती त्यास देऊं नये, अमुक वकिलास कळवावें. एवढ्या चार कलमांत सबंध व्यवहाराचा नकाशा आला आहे. एकाच माणसाविषयीं पुढें दोन जाहिराती आणखी येत. एक हिस्सेवांटणीची व दुसरी, कोणी हरकत न घेतल्यास दाखला मंजूर होईल अशी. म्हणजे एका दिवाळ्याचे तीन तरी छापील टप्पे असत, व ते तिन्ही जुळविल्यावांचून प्रकरणाचा शेवट कळत नाहीं.

या छापील बोलावण्यामागें शिक्षेचें भय किती मोठें होतें हें आज ध्यानांत येत नाहीं. सूचना मिळाल्यापासून ४२ दिवसांच्या आंत हजर न होणें किंवा मालमत्ता दडविणें हा देहदंडाचा गुन्हा होता. पानिपतची लढाई ज्या १७६१ सालीं झाली त्याच सालीं लंडनांतील स्मिथफील्ड येथें जॉन पेरट नांवाच्या व्यापाऱ्यास मालमत्ता दडविल्याबद्दल फांशीं दिलें. उलटपक्षीं मुक्ततेच्या दाखल्यास संख्येनें व रकमेनें पांचांपैकीं चार भाग धनकोंची संमति लागे. ऋणकोचें पुढील आयुष्य धनकोंच्या सहीवर लटकलें होतें, व ती सही करावयाची सभा गॅझेटाच्या एका परिच्छेदांत जाहीर होई. ज्या ओळी आपण कंटाळून उलटतों, त्या काढणाराच्या जिवाशीं व वाचणाराच्या पैशाशीं गांठलेल्या होत्या.

(४)

हिंदुस्थानांत ही पद्धति १८२८ सालच्या पार्लमेंटाच्या कायद्यानें आली. कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरीं नादार ऋणकोंच्या सोडवणुकीचीं कोर्टें स्थापन झालीं. मुंबईस सुप्रीम कोर्ट १८२४ सालीं सुरू झालेलें होतें. त्याच्याच न्यायाधीशांपैकीं एकानें हें काम पाहावयाचें असे.

कायदा होऊन दोन वर्षें होतात न होतात तोंच त्याची कसोटी लागली. १८३० च्या जानेवारींत कलकत्त्याची पामर आणि कंपनी ही प्रसिद्ध पेढी बुडाली. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास हें नांव परकें नाहीं. १७९८ ते १८०१ पर्यंत पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं रेसिडेंट असलेल्या विल्यम पामर याचा पुत्र जॉन हा त्या पेढीचा मालक होता. दुसरा पुत्र विल्यम यानें हैदराबादेस निजामास कर्जें देणारी पेढी काढिली होती. तीही १८२० नंतरच्या दशकांत बुडाली होती. पामरामागून १८३४ पर्यंत कलकत्त्याच्या अलेक्झांडर, मॅकिंटॉश, कॉल्व्हिन, फर्ग्युसन व क्रटेंडन या मोठ्या पेढ्या ओळीनें कोसळल्या. त्यांत ठेवी होत्या त्या कंपनीच्या मुलकी व लष्करी नोकरांच्या, त्यांच्या विधवांच्या व पोरक्या मुलांच्या. लष्करी छावण्यांत विखुरलेल्या या माणसांस कलकत्त्याच्या एका दिवाणखान्यांत जमण्याचें बोलावणें येई. पुण्याच्या रेसिडेंटाच्या घराण्याचा पुढील इतिहास लिहूं पाहणारास या सभांच्या सूचना सोडून चालणार नाहीं.

१८४८ च्या जानेवारींत कलकत्त्याची युनियन बँक बुडाली, व त्याच सालीं पार्लमेंटानें हिंदुस्थानाकरितां दुसरा नादारीचा कायदा केला. मुंबईचीं पुढील साठ वर्षांचीं प्रकरणें याच कायद्याखालचीं आहेत. अर्ज दाखल होतांच ऋणकोची सर्व मालमत्ता सरकारी असायनी नांवाच्या अधिकाऱ्याकडे जाई, ऋणको आपल्या देण्याघेण्याची यादी दाखल करी, सुनावणीचा दिवस जाहीर होई, व त्या दिवशीं धनकोंस विरोध करतां येई. या जाहिरातींतील वर्णनाची एक लकब ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. देशी ऋणकोचें वर्णन ‘मुंबईचा हिंदु रहिवासी’ किंवा ‘मुंबईचा पारशी रहिवासी’ अशा साच्यानें करीत. हा साचा मुंबईच्या कोर्टांतील कागदपत्रांत फार दिवस टिकला. त्यापुढें धंदा व राहण्याची जागा येई. कोणत्या मोहल्ल्यांत कोणता धंदा होता, कोणत्या वर्षीं कोणत्या धंद्याचीं माणसें एकदम कोर्टापुढें आलीं, हें या वर्णनांच्या ओळी एकाखालीं एक मांडल्या म्हणजे आपोआप दिसूं लागतें.

(५)

अशी मांडणी करण्यास सर्वांत योग्य काल म्हणजे १८६५-६६ चा. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ पासून कापसाचे भाव चढले, मुंबईंत पैशाचा पूर आला, व बँका, समुद्र हटविण्याच्या कंपन्या व नुसत्या नांवाच्या मंडळ्या यांच्या भागांवर सट्टा माजला. बॅक बे कंपनीच्या पांच हजारांच्या भागास पन्नास हजारांच्या घरांत भाव आला होता. ९ एप्रिल १८६५ रोजीं जनरल ली शरण गेला, कापूस उतरला, व मे महिन्यांत एका मोठ्या पारशी व्यापाऱ्याची पेढी बसली. वायद्याच्या सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजीं भरत होती. तो दिवस उजाडला तेव्हां देणाराही नाहीं व घेणाराही नाहीं अशी स्थिति झाली. पुढील सालीं १० मे १८६६ रोजीं लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाल्यावर उरलीसुरली आशाही गेली. १८४० सालीं निघालेली बँक ऑफ बाँबे मोडीत निघाली, व सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं १८६८ सालीं तिच्या चौकशीचें कमिशन बसलें. सर दिनशा वाच्छा यांनीं १९१० सालीं या प्रकरणावर लिहिलेला ग्रंथ संशोधकांस ठाऊकच आहे.

या कालाविषयीं जें लिहिलें गेलें तें बहुतेक मोठ्या माणसांविषयीं आहे. प्रेमचंद रायचंद यांचें वैभव व त्यांची पडती यांची कथा सर्वतोमुखीं आहे. त्यांच्या देणगीनें उभा राहिलेला राजाबाई मनोरा अजून डोळ्यांपुढें आहे. परंतु या वादळांत जे लहान लोक वाहून गेले त्यांचे मनोरे नाहींत. भागावर भाग गहाण ठेवणारा दलाल, शेठजींच्या भरंवशावर हुंडी स्वीकारणारा दुकानदार, पगार सट्ट्यांत घालणारा कारकून, यांचा शोध नादारीच्या सूचनांतच घ्यावा लागेल. वर्तमानपत्रांतील अग्रलेख सट्ट्याचा निषेध करितात. ग्रंथकार आंकडे देतात. सूचनेंत मात्र माणूस नांवगांवासह उभा राहतो. १८६५ चा इतिहास या पानांवरून पुन्हा लिहिल्यास सट्टा हा केवळ शेठियांचा खेळ होता कीं सबंध शहराचा, या वादाचा निकाल लागेल, अशी आमची खात्री आहे.

(६)

तथापि हें साधन जपून वापरलें पाहिजे. अनुभवास येणाऱ्या चुका येणेंप्रमाणें सांगतां येतील.

पहिली चूक टप्प्याची. अर्जाची सूचना, नादार ठरविल्याची सूचना, सभेची सूचना व मुक्ततेची सूचना हीं चार निराळीं पत्रें होत. पहिली पाहून अमुक घराणें बुडालें असें लिहिणें म्हणजे फिर्याद वाचून निकाल सांगणें होय. कित्येक अर्ज निकालीं निघत, कित्येक ऋणको धनकोंशीं तडजोड करून पुन्हा व्यापारास लागत.

दुसरी चूक तारखेची. प्रेसिडेन्सी शहरांकरितां १९०९ सालीं जो कायदा झाला त्याअन्वयें सूचनेंत नांव, पत्ता, वर्णन, कोर्ट, नादार ठरविल्याची तारीख व अर्जाची तारीख इतक्या गोष्टी द्याव्या लागत. दोन तारखा कशाकरितां, असें नवख्यास वाटतें. कारण असें कीं, नादारीचा अंमल मागें जातो. अर्जापूर्वीं तीन महिन्यांच्या आंत घडलेल्या नादारीच्या कृत्यापासून मालमत्ता असायनीची झाली असें धरितात. मधल्या काळांत एखाद्या धनकोस गुपचूप पैसे पोंचविले असल्यास ते परत ओढतां येतात. म्हणून या दोन तारखांच्या आसपासचीं खाजगी पत्रें व रोजकीर्दीचीं पानें विशेष बारकाईनें पाहावीं. खरा व्यवहार तेथें सांपडतो.

तिसरी चूक रकमेची. ऋणकोनें यादींत दिलेलें कर्ज, धनकोनें मागितलेलें कर्ज व शाबीत झालेलें कर्ज या तीन निराळ्या रकमा होत. गहाण असलेल्या धनकोस गहाणाची किंमत वजा करून उरलेल्या रकमेपुरतेंच मत असे. हिंदु ऋणकोविषयीं मुंबई इलाख्यांत दामदुपटाचा नियम चाले, तेव्हां मुदलाहून अधिक व्याज एका वेळीं मागतां येत नसे. चोपडींतील आंकडा व कोर्टांतील आंकडा जुळत नाहीं म्हणून चोपडी खोटी ठरवूं नये.

चौथी चूक सभेच्या बलाबलाची. १९०९ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाप्रमाणें सभेची सूचना निदान सात दिवस आधीं धाडावी लागे, व तीन धनको हजर नसल्यास (एकंदर धनकोच तीन किंवा कमी असल्यास ते सर्व हजर नसल्यास) अध्यक्ष निवडणें, कर्जें शाबीत करणें व सभा तहकूब करणें यांपलीकडे कांहीं करतां येत नसे. तडजोडीस संख्येनें निम्म्याहून अधिक व रकमेनें तीन चतुर्थांश धनकोंची संमति लागे. सभा तहकूब झाल्याची पुनः पुनः सूचना दिसली तर धनको निष्काळजी होते असें समजूं नये. ते दूर असतील, इंग्रजींत चालणारें कामकाज त्यांस समजत नसेल, किंवा मिळावयाच्या दोन आण्यांसाठीं मुंबईचें भाडें खर्चणें त्यांस परवडत नसेल. कायद्यानें बोलावणें सर्वांस सारखें केलें. येण्याची शक्ति सारखी करणें त्याच्या हातीं नव्हतें.

पांचवी चूक सर्वांत मोठी. ज्याची सूचना नाहीं त्याचें दिवाळें निघालें नाहीं असें मानणें. पंचांनीं मिटविलेलीं प्रकरणें गॅझेटांत येत नाहींत. मुंबईबाहेर तर हा सर्व प्रकार उशिरां आला. १८७५ च्या मे महिन्यांत भीमथडींतील सुपें येथें कुळांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्या दंग्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांकरितां जो कायदा झाला त्यांत नादारीचें एक प्रकरण घातलें होतें. मुफसलाकरितां नादारीचा स्वतंत्र कायदा १९०७ सालीं व सुधारलेला १९२० सालीं झाला. तेव्हां पुणें, नगर, साताऱ्याकडील जुन्या दिवाळ्यांचा शोध गॅझेटांत न करितां पेढ्यांच्या चोपड्यांत व फारखतांतच केला पाहिजे.

(७)

आतां संग्राहकांस दोन शब्द. नियतकालिकांचे खंड बांधितांना जाहिरातींचीं पानें काढून टाकण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं होती. तीं सुटीं पानें रद्दींत आढळल्यास टाकूं नयेत. एका नांवाच्या सर्व सूचना एका पाकिटांत क्रमानें लावाव्या. रोमन अक्षरांत देशी नांवांचीं रूपें तीनतीन तऱ्हांनीं येतात, तेव्हां धंदा व जागा जुळल्यावांचून दोन नांवें एकाचींच असें ठरवूं नये. घरांत जुन्या चोपड्या असतील त्यांनीं त्यांतील अखेरचीं कोरीं पानेंही जपावीं. रोजकीर्द कोणत्या तिथीस थांबली हें कळणें सूचनेच्या तारखेइतकेंच मोलाचें आहे.

एक अडचण मात्र संग्राहकाच्या हातची नाहीं. घराण्यांतील लोक हे कागद दाखवीत नाहींत. पणजोबांस पेशव्यांनीं दिलेली सनद चौकटींत लावितात, व आजोबांचें नांव छापलेलें गॅझेटाचें पान जाळतात. अब्रूची ही कल्पना आम्ही समजूं शकतों. पण ज्या कागदास ते कलंक समजतात तो बहुधा उलट साक्ष देतो. सभेस हजर राहून, चोपड्या पुढें ठेवून, असेल तें वांटून देणारा मनुष्य पळून गेला नव्हता, एवढें त्या पानावरून सिद्ध होतें. पळून जाणाराची कथा निराळी असते, व तीही त्याच रकान्यांत सांपडते. कोणता मनुष्य कोणता, हें पान जाळल्यावर कोणास सांगतां येणार?

२०१६ सालीं हिंदुस्थानांत नादारी व दिवाळखोरीची नवी संहिता झाली. तिच्याखालील नियमांप्रमाणें कंपनीच्या धनकोंस कर्जें मांडण्याविषयींची जाहीर सूचना एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेंतील वर्तमानपत्रांत द्यावी लागते. ज्या बोलावण्याचा आरंभ दुकानांतील दिव्यानें झाला, तें लंडन, कलकत्ता व मुंबईचें गॅझेट फिरून आतां मराठी वाचकाच्या दारांत मराठींत येतें. तें पान आज कोणी वाचीत नसेल. शंभर वर्षांनीं आमच्यासारखा कोणी तरी तें शोधीत येईल, म्हणून त्याची एक प्रत आज जपून ठेवणें हें आपलें काम आहे.